यंत्राने वाचविलेला वेळ
(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेसाठी लिहिलेले भाषण)

अध्यापक विद्यालयांत पदविकेचा अभ्यास करणारे तरुण-तरुणी आंतरवासितेसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत येतात. शिकविण्याचे शास्त्र त्यांना विद्यालयात सांगितले जाते. परंतु शिक्षकाने वर्गात कसे वावरावे, कोणत्या मुलाकडे आधी पाहावे आणि कोणते साधन केव्हा हाती घ्यावे, हे ते गावच्या शिक्षकाकडे पाहून शिकतात. त्या काही आठवड्यांत जी सवय अंगी जडते ती पुढे नोकरीभर टिकते. म्हणून वर्गातील तंत्रज्ञानाचा विचार आज अनुभवी शिक्षकाच्या बाजूने न करता, उद्या शिक्षक होणाऱ्या माणसाच्या बाजूने करणे अगत्याचे आहे.

अशी एक छात्राध्यापिका डोळ्यांपुढे आणावी. इंदापूर तालुक्यातील एका वाडीच्या द्विशिक्षकी शाळेत ती दिवाळीची सुट्टी संपल्यावर दाखल झाली आहे. पहिली ते चौथीचे चार वर्ग, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. एका खोलीच्या भिंतीवर लोकवर्गणीतून घेतलेला मोठा दूरदर्शन संच आहे. तिच्या पिशवीत स्वतःचा मोबाइल आहे आणि शाळकरी वयापासून तो हाताळल्यामुळे यंत्राची भीती तिला मुळीच नाही. तिचा पहिला विचार सरळ आहे. मुलांना चित्र आवडते, गाणे आवडते, हलते दृश्य तर फारच आवडते. तेव्हा पाठ पडद्यावर दाखवावा, म्हणजे तो रंजक होईल आणि मुले शिकतील.

या विचारात खोटे काही नाही, परंतु तो अपुरा आहे. पडद्यावर पाठ सुरू झाला की वर्ग शांत होतो, हे खरे. पण पाठ संपल्यावर प्रश्न विचारले, तर ज्यांना आधीच वाचता येत होते त्यांचेच हात वर होतात. मागच्या ओळीतील जी मुले जोडाक्षरापाशी अडत होती, ती पाठ पाहून झाल्यावरही जोडाक्षरापाशीच अडतात. त्यांनी पाठ पाहिला, त्यांस तो आवडलाही. परंतु त्यांची अडचण यंत्राला ठाऊक नव्हती. विचारी छात्राध्यापिकेला येथे पहिला प्रश्न पडतो: वर्ग गप्प बसला म्हणजे वर्ग शिकला काय?

हा प्रश्न नवा नाही. १९१३ साली थॉमस एडिसनने असे भाकीत केले होते, की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि चलच्चित्रांच्या योगाने दहा वर्षांत शाळांचे स्वरूप पार पालटून जाईल. त्या भाकिताला शतक उलटून गेले. चित्रपट घरोघरी पोहोचला, परंतु पुस्तकही राहिले आणि शिक्षकही राहिला. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी ठरले असा नव्हे. यंत्राचा उपयोग कोणत्या अटीवर होतो, एवढाच प्रश्न उरला. आणि त्याचे एक चांगले उत्तर आपल्याच मुलखात मिळालेले आहे.

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांमधील दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. शेती व गावकीच्या विषयांवरील वीस कार्यक्रम त्यांच्यासाठी प्रक्षेपित करण्यात आले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. ज्या गावांत ऐकल्यानंतर चर्चा होत होती, तेथे लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढलेले आढळले. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे फारसा फरक पडलेला नव्हता. रेडिओ दोन्हीकडे होता. फरक पडला तो माणसे एकमेकांशी बोलल्यामुळे. भिंतीवरचा संच सुरू करण्यापूर्वी प्रत्येक नव्या शिक्षकाने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

आता खेड्यातील शाळेत खरी टंचाई कशाची आहे, हे पाहावयास हवे. माहितीची टंचाई पूर्वी होती. आज ती फारशी उरलेली नाही. द्विशिक्षकी शाळेत टंचाई आहे ती शिक्षकाच्या वेळेची. साधा हिशेब मांडून पाहावा. तिसरी व चौथी मिळून वीस मुले एका शिक्षकाकडे आहेत आणि तासिका चाळीस मिनिटांची आहे, असे समजू. शिक्षकाने एक क्षणही वाया घालविला नाही तरी प्रत्येक मुलाच्या वाट्यास दोन मिनिटे येतात. ज्या मुलाला शून्याचा हातचा समजलेला नाही, त्याला दोन मिनिटांत काय समजणार?

येथे यंत्राची खरी जागा दिसू लागते. वीसांपैकी सोळा मुलांना पंधरा मिनिटे उपयुक्त कामात गुंतविणे यंत्राला शक्य आहे. एक गट पडद्यावर पाण्याच्या चक्राचा पाठ पाहील. त्यास आधीच तीन प्रश्न फळ्यावर लिहून दिलेले असतील व पाठ संपताच जोडीजोडीने त्यांची उत्तरे काढावयाची असतील. दुसरा गट मोबाइलवर गोष्ट ऐकत पुस्तकातील ओळींवर बोट फिरवील. त्या पंधरा मिनिटांत शिक्षकाने उरलेल्या चार मुलांना घेऊन व्हरांड्यात बसावे. दोन मिनिटांच्या जागी त्या चौघांस आता सलग पाव तास मिळाला. चिंचोके मांडून, दहाचा गठ्ठा बांधून, तो पुन्हा सोडवून हातच्याची उकल करून देण्यास एवढा वेळ पुरतो. दुसऱ्या दिवशी ते चौघे बदलतील.

म्हणजे पडद्यावरचा पाठ किती सुंदर होता, यावरून यंत्राची किंमत ठरत नाही. यंत्राने वाचविलेला वेळ कोणाच्या पदरी पडला, यावरून ती ठरते. तो वेळ वर्गातील मागे राहिलेल्या मुलाला मिळाला, तर यंत्र कामी आले. तोच वेळ तक्ते भरण्यात किंवा नुसत्या विश्रांतीत गेला, तर संच कितीही मोठा असला तरी मुलाच्या दृष्टीने तो भिंतीवर टांगलेल्या चित्राहून निराळा नाही.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत मागे राहिलेले मूल कोण, हे सांगण्यास फार शोध करावा लागत नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथील साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की मराठवाड्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांच्या खोपींबरोबर त्यांची मुलेही येतात. काहींच्या घरची भाषा बंजारा असते. गावच्या शाळेत पहिले सत्र संपलेले असते आणि हे मूल दुसऱ्या सत्रात नव्या वर्गात, नव्या शिक्षकापुढे उभे राहते. उन्हाळा लागला की ते परत जाते. दुसऱ्या बाजूने, याच भागातील जिरायती पट्ट्यातून मेंढपाळांची कुटुंबे पावसाळ्यानंतर कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. एकाच तालुक्यात काही मुले बाहेरून येतात आणि काही मुले बाहेर जातात. हजेरीपटावर दोघांच्याही नावापुढे रिकाम्या चौकटी राहतात.

अशा मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी पत्रकाची व्यवस्था केली आहे. एका शाळेतून निघालेल्या मुलाला दुसऱ्या शाळेने सामावून घ्यावे, हा तिचा हेतू आहे. परंतु पत्रक मुलाला वर्गात आणते. मधल्या काळात बुडालेला अभ्यास ते भरून काढीत नाही. तेथे तंत्रज्ञान मदतीस येऊ शकते, आणि त्याचे उदाहरण अगदी शेजारी आहे.

इंदापूरकडून भीमा ओलांडली, की सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका लागतो. तेथील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक म्हणून आले. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून वडिलांच्या सांगण्यावरून ते अध्यापक विद्यालयात गेले होते. त्यांना मिळालेली शाळा गुरांचा गोठा आणि अडगळीची खोली यांच्यामध्ये होती. पाठ्यपुस्तकातील पानावर क्यूआर कोडची चौकट छापावी, आणि ती मोबाइलसमोर धरताच त्या पाठाची कविता, ध्वनिफीत किंवा प्रश्न मुलापुढे यावेत, अशी योजना त्यांनी केली. मुलांच्या मातृभाषेचाही त्यांनी विचार केला. पुढे २०१७ साली राज्याने आपल्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचे ठरविले आणि त्याच वर्षी केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठही सुरू झाले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली.

पारितोषिकाचा गौरव सर्वांस ठाऊक आहे. छात्राध्यापिकेने त्यातून घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. पुस्तकातील ती चौकट गाव बदलले तरी बदलत नाही. बीड जिल्ह्यातील शाळेतून निघालेले मूल इंदापूरच्या खोपीत आले, तरी त्याच्या पिशवीतील बालभारतीचे पुस्तक तेच असते आणि त्यातील पाठही तोच असतो. अडचण एवढीच, की खोपीत आईबाप पहाटेपासून फडात असतात, मोबाइल त्यांच्या बरोबर जातो आणि संदेशवहन असेलच असे नाही. म्हणून शिक्षकाने शाळेतच पाठ आधी उतरवून ठेवावेत व शाळा सुटण्यापूर्वी अर्धा तास त्या मुलांना ते ऐकवावेत. जे मूल चैत्रात परत जाणार आहे, त्याने कोठपर्यंत वाचले, कोणते गणित जमले आणि कोठे अडले, हे चार ओळींत लिहून पत्रकासोबत द्यावे. शक्य असेल तर पुढच्या शाळेतील शिक्षकाला दूरध्वनी करून सांगावे. या दूरध्वनीला कोणी शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणणार नाही; पण त्या मुलाच्या दृष्टीने त्याहून उपयुक्त तंत्रज्ञान दुसरे नाही.

यंत्रावर किती विसंबावे याचा धडा करोनाच्या साथीनेही दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ज्या घरात स्मार्टफोन होता तेथे अभ्यास काही अंशी चालू राहिला; ज्या घरात तो नव्हता, किंवा एकाच फोनवर तीन भावंडे होती, तेथे तो थांबला. त्या वर्षी जुलै महिन्यात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पाठमालिका सुरू झाली, तिचा लाभ दूरदर्शन संच असलेल्या घरांना झाला. ज्यांच्याकडे तोही नव्हता, त्यांच्याकडे शिक्षकच वस्त्यांवर गेले आणि झाडाखाली पाच-सहा मुले घेऊन बसले. यावरून एक नियम निघतो. जे साधन वर्गातील सर्वांत गरीब मुलाच्या घरी नाही, त्या साधनावर गृहपाठ देऊ नये. तसे साधन शाळेतच वापरावे, म्हणजे ते सर्वांच्या मालकीचे होते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची गोष्ट. बारामतीच्या परिसरात हा शब्द शाळेच्या आधी शेतात पोहोचला आहे. तेथील अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत तिचा प्रयोग हाती घेतला आणि २०२५ सालच्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नाडेला यांनी त्याचा जाहीर उल्लेख केला. जमिनीतील ओल मोजणारी उपकरणे, हवामानाची नोंद आणि उपग्रहाने टिपलेली चित्रे यांचा मेळ घालून, कोठे पाणी कमी पडले व कोठे खत हवे, हे शेतकऱ्याला मोबाइलवर सांगितले जाते. चौथीतील एखाद्या मुलाने हे यंत्र वडिलांच्या किंवा शेजाऱ्याच्या उसात पाहिलेलेही असेल.

वर्गातील उपयोगाचे मर्म याच दृष्टांतात आहे. साऱ्या फडाला सरसकट पाणी सोडण्यापेक्षा, माती जेथे कोरडी आहे तेथे ते द्यावे, हे उपकरण सुचविते. पाणी देण्याचे काम मात्र शेतकऱ्याच्या निर्णयाने होते. शिक्षकानेही यंत्राकडून अशीच सेवा घ्यावी. एकाच पाठावर सोप्या, मध्यम व कठीण अशा तीन पातळ्यांची प्रश्नपत्रके काही मिनिटांत तयार करून मिळतात. प्रत्येक मुलाचे एक मिनिटाचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर शाळा सुटल्यावर ते सावकाश ऐकता येते. महिन्यापूर्वीचे व आजचे वाचन शेजारी शेजारी ठेवता येते, आणि कोण कोठे अडतो हे कळते. शासनाच्या २०२१ सालच्या 'निपुण भारत' कार्यक्रमाचा रोख हाच आहे, की तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी गणिते करता यावीत. त्या कामी ही नोंद फार मोलाची ठरते.

परंतु येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी, की यंत्राने लिहिलेला मजकूर तपासल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नये. त्याची मराठी पुष्कळदा परकी वाटते, आणि चुकीची माहितीही ते मोठ्या ठामपणे सांगते. नीरा व भीमा यांचा संगम नरसिंहपूरला होतो, तुकाराम महाराजांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते, कवी मोरोपंत बारामतीत राहिले, या गोष्टी शिक्षकाने स्वतः सांगाव्यात आणि मुलांकडून गावात विचारून पडताळून घ्याव्यात. दुसरी सावधगिरी अशी, की अमुक मूल मंद आहे, असा निकाल यंत्राकडून घेऊ नये. ते मूल काल रात्री बैलगाडीत झोपले होते की नाही, हे यंत्राला ठाऊक नसते. शिक्षकाला ते विचारता येते.

यंत्र वेळ वाचविते तसे ते वेळ खातेही, हे नव्या शिक्षकाला आधीच सांगून ठेवले पाहिजे. माहितीचे तक्ते भरणे, छायाचित्रे पाठविणे, गटावरील संदेशांना उत्तर देणे ही कामे शाळेच्या वेळेत शिरली, की व्हरांड्यातील पाव तास सर्वांआधी जातो, कारण त्याची मागणी करणारे कोणी नसते. चार वर्षे मागे पडलेले मूल तक्रार करीत नाही. म्हणून ही कामे मुले घरी गेल्यावर किंवा ठरलेल्या एका वेळी करावीत आणि अध्यापनाची वेळ राखून ठेवावी. मुलांची छायाचित्रे पाठवितानाही विचार हवा. संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस पालकांच्या संमतीचे बंधन घातले आहे. कायदा नसता तरी, फाटक्या सदऱ्यातील मुलाचे चित्र साऱ्या जिल्ह्यात फिरविणे शिक्षकाच्या धर्मास शोभणारे नाही.

नवी साधने नाहीत म्हणून कोणी खंत करू नये. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांत काम केले, तेव्हा त्यांची साधने खडे, शिंपले, पाने आणि बिया हीच होती. मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तेथे विजेचा खांबही नव्हता. मुलाची अडचण आधी पाहावी व साधन मागून शोधावे, ही दृष्टी मात्र होती. ती दृष्टी असेल तर चिंचोका पुरतो. ती नसेल तर महागडा संचही उणा पडतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणून एक लहानशी सूचना विचारार्थ ठेवावीशी वाटते. शाळेत आलेल्या छात्राध्यापकाने पाठाचे टाचण लिहिताना 'शैक्षणिक साधने' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: 'या साधनाने कोणाला वेळ मिळेल?' त्यात मुलांची नावे लिहावीत. नाव लिहिता आले नाही, तर त्या दिवशी यंत्र बंद ठेवून खडू हाती घ्यावा. आठवड्याच्या शेवटी मुख्याध्यापकांनी तो रकाना छात्राध्यापकासह वाचावा. कोणती नावे एकदाही आली नाहीत, हे पाहावे, आणि ती पुढील आठवड्यात सर्वांत वर लिहावीत. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही व एक पैसाही खर्च नाही.

साधने बदलत राहतील. आज वापरात असलेला संच दहा वर्षांनी जुना होईल आणि त्या वेळच्या नव्या शिक्षकापुढे आणखी निराळे यंत्र असेल. पण दरवर्षी कार्तिकात कारखान्यांच्या वाटेने बैलगाड्या येतील व त्यांतून काही मुले शाळेच्या दाराशी उतरतील. त्यांच्याजवळ बसण्यास वेळ असलेला शिक्षक त्यांना भेटला, तर शाळेतील यंत्र सत्कारणी लागले असे म्हणता येईल.